कबड्डीत कोणता पोरगा खरंच भारी खेळतो हे वहीत कसं मोजायचं

आमच्याकडे अमळनेर-चोपड्याच्या पट्ट्यात थंडी पडली की गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रा म्हटली की रात्रीच्या कबड्डी स्पर्धा आल्याच. मागे एका स्पर्धेत फायनल संपली, बेस्ट रेडरचं, म्हणजे चढाई करणाऱ्याचं, बक्षीस द्यायची वेळ आली आणि स्टेजवर तीन जाणती माणसं तीन वेगवेगळी नावं सांगायला लागली, कोणाकडे एक चिठोरा नव्हता. शेवटी ज्याच्या नावाने जास्त शिट्ट्या वाजल्या त्याला ट्रॉफी गेली. दुसऱ्या एका पोराने आख्ख्या स्पर्धेत डावा कोपरा सांभाळला होता, त्याच्या बाजूला रेडर फिरकायलाच घाबरत होते, त्याचं नाव माईकवर एकदाही आलं नाही. त्या रात्रीपासून मी वही घेऊन बसायला लागलो, आणि चार सीझन वही भरून जे काही समजलं ते इथे सविस्तर लिहितोय म्हणजे तुमच्या गावच्या टीमला पहिल्यापासून चुका करत बसायला नको.

मूळ गोष्ट आधी. गुण मोजू नका, चढाया मोजा. गुण तर मोजायचेच आहेत पण ते चढाईने भागल्याशिवाय त्यांना काही अर्थ नाही. आपण शेतकरी माणसं, कोणी म्हटलं यंदा चाळीस क्विंटल कापूस झाला तर आपला पहिला प्रश्न असतो की किती एकरात? एकरी उतारा काय पडला? मग पोराने दहा पॉइंट आणले म्हटल्यावर किती चढायांत आणले हे का विचारत नाही आपण?

सामान काय लागतं

दोनशे पानी आडवी वही, दोन पेन, एक मोबाईल आणि दोन माणसं. दोन माणसं पाहिजेतच, कारण एकटा माणूस लिहायला खाली बघतो तेवढ्यात पुढची चढाई अर्धी होऊन जाते. एकाने फक्त बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने फक्त लिहायचं. बोलणारा खेळ कळणारा पाहिजे, लिहिणारा कोणीही चालतो, आमच्याकडे बारावीची एक पोरगी लिहिते आणि तिच्याइतकं स्वच्छ कोणीच लिहीत नाही.

मोबाईलवर मॅच शूट करून ठेवा, पण जागा नीट निवडा. मध्यरेषेच्या सरळ रेषेत, बाजूला, आणि थोडं उंचावर. आम्ही ट्रॅक्टरची ट्रॉली लावतो मैदानाच्या कडेला, तिच्यावर उभं राहिलं की दोन्ही अंगणं दिसतात आणि बोनस रेषेवर पाय गेला की नाही, मागचा पाय हवेत होता की नाही, हेही बऱ्यापैकी दिसतं. मे महिन्यात दुपारी शूट करत असाल तर मोबाईलला सावली करा, आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हात फोन तापून आपोआप बंद पडतो आणि सगळा सेकंड हाफ जातो. पॉवर बँक आणि मोकळी मेमरी हे सांगायला नको.

मॅचच्या आधी पंचांना जाऊन नियम विचारून घ्या आणि वहीच्या पानाच्या डोक्यावर लिहा. हाफ किती मिनिटांचा? मोठ्या स्पर्धांत पुरुषांना २०-२० मिनिटं असतात, महिला आणि ज्युनियर मुलींना १५-१५, पण गावच्या स्पर्धेत टीम जास्त आल्या की वेळ कापतात. तिसरी चढाई म्हणजे डू ऑर डाय (आधीच्या दोन चढायांत काहीच झालं नाही तर तिसरीत गुण आणावाच लागतो) चालू आहे का? सुपर टॅकल (तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर दोन गुण) आहे का? माती की मॅट? ही माहिती नसली तर सहा महिन्यांनी वही उघडल्यावर आपल्यालाच काही लागत नाही.

वहीतला तक्ता

एक चढाई म्हणजे एक ओळ. हा नियम मोडायचा नाही, चढाई कोरी गेली, म्हणजे गुणही नाही आणि रेडर बादही नाही, तरी ओळ लिहायचीच. बहुतेक लोक इथेच चुकतात, पॉइंट झाला तरच लिहितात आणि मग भागायला खाली काही उरतच नाही. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, म्हणजे ४० मिनिटांच्या मॅचला साधारण ८० ओळी धरून चाला, दोन्ही टीमच्या मिळून. चार पानं लागतात, जास्त नाही.

कॉलम असे पाडा: चढाईचा नंबर, कोणता हाफ, त्या वेळचा स्कोअर, चढाई करणाऱ्याचा जर्सी नंबर, समोर किती बचावपटू उभे होते, कितवी चढाई (म्हणजे डू ऑर डाय होती का), कोणत्या बाजूला गेला, निकाल, गुण, आणि पकड झाली किंवा फसली तर कोणाची. नावं लिहू नका, जर्सी नंबर लिहा, समोरच्या टीमची नावं तुम्हाला माहीत नसतात आणि आपल्या पोराचं नाव लिहिताना हात थोडा ढिला पडतो हे मी स्वतः अनुभवलंय.

निकालासाठी एका अक्षराचे कोड ठरवा. आमचे असे आहेत: ट म्हणजे टच, ब म्हणजे बोनस, को म्हणजे कोरी, प म्हणजे पकडला गेला, स्व म्हणजे स्वतःहून बाद (दम तुटला, रेषेबाहेर गेला वगैरे). कधी कधी रेडर बोनस घेतो आणि लगेच पकडला जातो, तेव्हा "ब+प" लिहायचं, म्हणजे गुणही त्याच्या खात्यात आणि बाद होणंही त्याच्या खात्यात.

बाजूचा एक घोळ सुरुवातीला सगळ्यांचा होतो. डावा कोपरा म्हणजे बचाव करणाऱ्यांचा डावा, चढाई करणाऱ्याच्या तो उजव्या हाताला येतो. आम्ही पहिल्या सहा मॅच अर्ध्या ओळी उलट्या भरल्या होत्या आणि नंतर व्हिडिओ बघून सगळं परत लिहावं लागलं. वहीच्या पहिल्या पानावर मैदानाचं चित्र काढून त्यात डावा-उजवा लिहून ठेवा.

लोण पडल्यावर, म्हणजे समोरचे सातही जण बाद झाल्यावर, जे दोन गुण मिळतात ते कोणत्याही एका पोराच्या खात्यात टाकू नका. ते टीमचे. शेवटचा गडी ज्याने मारला त्यालाच ते द्यावेसे वाटतात, पण आधीचे सहा जण कोणी मारले?

रेडरचा हिशोब

मॅच संपली की प्रत्येक रेडरच्या चढाया तीन ढिगात टाका: यशस्वी, कोऱ्या आणि बाद झालेल्या. समजा असं निघालं, हे आकडे फक्त समजायला घेतलेत. ७ नंबरवाल्याने २२ चढाया केल्या, ९ यशस्वी, ६ कोऱ्या, ७ वेळा पकडला गेला, गुण आणले १२. आणि ११ नंबरवाल्याने केल्या १२ चढाया, ६ यशस्वी, ५ कोऱ्या, फक्त १ वेळा बाद, गुण ८. गावात चर्चा कोणाची होईल? ७ ची. कारण त्याने सुपर टेन मारला, म्हणजे एका मॅचमध्ये दहा किंवा जास्त रेड पॉइंट.

आता भागाकार करा. ७ चा प्रति चढाई उतारा १२ भागिले २२ म्हणजे ०.५५, ११ चा ८ भागिले १२ म्हणजे ०.६७. यशस्वी चढायांची टक्केवारी ७ ची ४१, ११ ची ५०. बाद होण्याची टक्केवारी ७ ची ३२ आणि ११ ची फक्त ८. शेवटी नेट काढा, म्हणजे आणलेले गुण वजा बाद होण्याच्या वेळा: ७ चे १२ वजा ७ म्हणजे ५, आणि ११ चे ८ वजा १ म्हणजे ७. म्हणजे भागाकार बाजूला ठेवला तरी कमी गुणवाल्यानेच टीमला जास्त दिलं. हे मी पहिल्यांदा वहीत बघितलं तेव्हा तीन वेळा परत मोजलं होतं.

आणि बाद होणं म्हणजे फक्त समोरच्याला एक गुण एवढंच नाही. कबड्डीत जो आधी बाद झाला तो आधी आत येतो, म्हणजे तुमचा मेन रेडर रांगेत तिसरा असेल तर आपल्या टीमने तीन गडी मारेपर्यंत तो बाहेरच बसून राहणार. म्हणून जमलं तर आणखी एक कॉलम ठेवा, बाहेर गेल्याची वेळ आणि आत आल्याची वेळ. मेन रेडर चाळीस मिनिटांपैकी किती मिनिटं मैदानात होता हा आकडा मला आता सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, गुणांपेक्षाही.

कोरी चढाई वाईट असते असं मात्र समजू नका. दोन गुणांनी पुढे आहोत, तीन मिनिटं राहिलीत, अशा वेळी वेळ काढून सुखरूप परत येणं हेच त्याचं काम आहे. म्हणूनच स्कोअरचा कॉलम ठेवला आपण. कोऱ्या चढाया दोन भागात बघा: पुढे असताना शेवटच्या पाच मिनिटांतल्या एकीकडे आणि बाकीच्या दुसरीकडे. पिछाडीवर असताना कोऱ्या जास्त दिसल्या तर मग त्या पोराशी बोलायचं.

डू ऑर डायचं खातं पूर्ण वेगळं काढा. सलग दोन कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. ज्याला कॅप्टन सारखा तिसऱ्या चढाईला पाठवतो त्याची टक्केवारी आपोआप खाली जाते, त्यात त्याचा दोष नाही, ओझं जास्त आहे. एकत्र मोजलं तर त्या पोरावर अन्याय होतो.

समोर किती जण उभे होते याचेही तीन गट पाडा, सहा-सात, चार-पाच, आणि तीन किंवा कमी. बोनस सहा किंवा जास्त बचावपटू असतील तेव्हाच मिळतो, म्हणून बोनसवर जगणारा रेडर समोर पाच जण राहिले की एकदम गप्प होतो. आणि तीन किंवा कमी उरले की पकड झाल्यास समोरच्याला सुपर टॅकलचे दोन गुण जातात. काही पोरं तिथे घाईत घुसतात कारण मैदान मोकळं दिसतं. वहीत तो गट वेगळा काढला की कोण घाई करतो ते लगेच कळतं आणि प्रॅक्टिसला त्याला तीन जणांसमोरच वीस-वीस चढाया करायला लावता येतात.

बचावपटूचा हिशोब, हा खरा अवघड

रेडर एकटा असतो म्हणून मोजायला सोपा. बचावात सात जण असतात आणि पकड तिघांनी मिळून केली तर श्रेय कोणाचं? आम्ही ठरवलंय ते सांगतो. ज्याने पहिल्यांदा घट्ट धरलं, मग घोटा असो, मांडी असो, ब्लॉक असो की डॅश, पकड त्याची. बाकी जे साखळी करून आले त्यांच्यासमोर "म" लिहायचा, मदत. अर्धा-अर्धा गुण वाटत बसू नका, नंतर बेरजेत काहीच समजत नाही.

पण झालेल्या पकडी मोजून अर्धंच काम होतं. फसलेल्या पकडीही लिहायच्या, कारण रेडर मध्यरेषेला पोचला तर ज्याने ज्याने हात लावला होता ते सगळे बाद. समजा ५ नंबर कव्हरने (कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा बचावपटू) १४ वेळा झडप घातली आणि ६ पकडी यशस्वी झाल्या, त्याला हाय फाइव्ह (पाच किंवा जास्त पकडीचे गुण) मिळालं, टाळ्या पडल्या. ४ नंबर डाव्या कोपऱ्याने फक्त ६ वेळा प्रयत्न केला आणि ४ पकडी केल्या. टक्केवारी बघा, ५ ची ४३ आणि ४ ची ६७. ५ ने सहा कमावले आणि आठ वेळा दिले, ४ ने चार कमावले आणि दोन वेळा दिले. फसलेल्या पकडीत आणखी एक खूण करा, आधीच धावत गेला की रेडर वळल्यावर गेला. आमच्या पोरांच्या फसलेल्या पकडी बहुतेक पहिल्या प्रकारच्या निघाल्या, रेडर अजून समोर बघतोय आणि हे घुसतायत.

आता त्या कोपऱ्यातल्या पोराकडे येतो ज्याचं नाव माईकवर आलं नव्हतं. त्याच्यासारख्या खेळाडूच्या पकडी कमी असतात कारण रेडर त्याच्याकडे जातच नाहीत. हे मोजायचं कसं? बाजूचा कॉलम इथे कामाला येतो. समजा समोरच्यांच्या ४० चढायांपैकी २९ उजव्या बाजूला गेल्या आणि ११ च डाव्या बाजूला. एका मॅचमध्ये असं झालं तर योगायोग, त्यांचे रेडर डावरे असतील. चार वेगवेगळ्या टीमसमोर असंच होत असेल तर तो पोरगा अर्ध्या मैदानावर पहारा देतोय आणि त्याचा फायदा उजव्या कोपऱ्याला मिळतोय कारण सगळी गिऱ्हाईकं तिकडे चाललीत. आणखी पक्कं करायचं असेल तर तो बाहेर असताना डाव्या बाजूला चढाया वाढतात का ते बघा. आमच्या पोराची मी ही पानं काढून त्याच्या वडिलांना दाखवली, केळीच्या कापणीवरून थेट ग्राउंडवर आले होते, त्यांनी पान बराच वेळ हातात धरलं आणि म्हणाले, "मना आंडोर भारी खेयस ना भो." (माझा पोरगा भारी खेळतो ना भाऊ.) मी म्हटलं काका, हे मी नाही म्हणत, हे समोरच्या टीमचे रेडर म्हणतायत.

रेडर आणि बचावपटूचे गुण एकाच तराजूत तोलू नका. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली, त्यात २०१७ च्या पाचव्या सीझनमध्ये प्रदीप नरवालने ३६९ रेड पॉइंट केले. बचावात एका सीझनला १०० टॅकल पॉइंट पहिल्यांदा नितेश कुमारने केले, २०१८ ला सुरू झालेल्या सहाव्या सीझनमध्ये. दोन्ही डोंगराएवढे पराक्रम आहेत पण आकडे बघा, तिपटीपेक्षा जास्त फरक, कारण खेळाची रचनाच तशी आहे. म्हणून बेस्ट प्लेयर निवडताना रेडरची तुलना रेडरशीच आणि कोपऱ्याची कोपऱ्याशीच.

किती मॅचनंतर विश्वास ठेवायचा

ह्या जागी मी स्वतः घाई केली होती आणि एका चांगल्या पोराला दोन मॅच बसवलं, अजून वाईट वाटतं. ज्या रेडरची खरी ताकद ४० टक्क्यांची आहे तो १० चढायांत कधी २ यशस्वी करेल कधी ६, दोन्ही अगदी नॉर्मल. म्हणजे कागदावर कधी २० टक्के दिसेल कधी ६० आणि पोरगा तोच. त्याच्याच १०० चढाया झाल्या की आकडा बहुतेक वेळा ३२ ते ४८ च्या मध्ये येऊन बसतो. म्हणून ५० चढायांच्या आत कोणाबद्दल काहीच ठरवू नका, १०० नंतर बोला. बचावपटूच्या पकडीचे प्रयत्न कमी असतात, त्याला अख्खा सीझन द्या.

समोरची टीम कशी होती तेही लिहा, जोरदार, मध्यम, हलकी, एवढे तीन ग्रेड पुरतात आणि ते मॅचच्या आधी ठरवा. मॅच झाल्यावर ग्रेड दिला की हरलो तर समोरची टीम आपोआप जोरदार होते. हलक्या टीमसमोर पंधरा पॉइंट आणि जिल्ह्याच्या टीमसमोर सात पॉइंट, मी सातवाल्याला वर ठेवेन. मातीवरचे आणि मॅटवरचे आकडेही वेगळे ठेवा, आपली पोरं मातीवर वाढलेली, मॅटवर बूट घालून पहिल्या दोन-तीन मॅच पायच अडकतो. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर वावरात राबून रात्री मॅचला उभं राहिलेल्या पोराचा आकडा खाली आला तर समासात "वेचणी" लिहून ठेवा, मी लिहितो.

पोरींच्या टीमला हाफ १५ मिनिटांचा म्हणजे चढायाच कमी, त्यांना सुपर टेनच्या मापाने मोजणं चूक आहे. प्रति चढाई उतारा काढला की हा प्रश्नच राहत नाही.

मोजणाऱ्यालाही मोजा

एक मॅच निवडा, त्याचा व्हिडिओ दोन जणांना वेगवेगळं बसवून भरायला सांगा, मग दोन्ही वह्या ओळीला ओळ लावून बघा. जिथे जिथे फरक येईल तिथे वाद न घालता नियम ठरवून पहिल्या पानावर लिहा. आमच्यात सगळ्यात जास्त फरक "पकडीचा प्रयत्न" कशाला म्हणायचं यावर आला. शेवटी असं ठरलं की हात किंवा अंग रेडरला लागलं तरच प्रयत्न, नुसतं पुढे येऊन मागे फिरलं तर नाही. शंभरात पाच-सात ओळींपेक्षा जास्त फरक राहत असेल तर पुढचे हिशोब करू नका, आधी नियम घट्ट करा.

वहीतलं नंतर मोबाईलच्या शीटमध्ये उतरवायचं, एक ओळ एक चढाई तशीच. फिल्टर लावून ७ नंबर निवडला, समोर सहा-सात निवडले, की खालीच मोजून येतं. काउंटइफ्स, म्हणजे अटींत बसणाऱ्या ओळी मोजणारा फॉर्म्युला, एकदा शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे, कॉलेजची पोरं लगेच बसवून देतात.

प्रॅक्टिसला महिन्यातून एकदा ३० मीटर धाव, जागेवरून लांब उडी आणि १० मीटरच्या चार फेऱ्या एवढं घ्या. घड्याळ दर वेळी एकाच माणसाच्या हातात द्या, तीनदा पळवा आणि मधला आकडा धरा. हे आकडे मॅचच्या आकड्यांत मिसळू नका, ते फक्त पोरगा थकलाय की तयार आहे हे बघायला.

आकडे पोरांना दाखवताना भिंतीवर यादी लावू नका. आम्ही एकदा लावली, शेवटच्या नंबरवाला आठ दिवस ग्राउंडवर आला नाही. आता प्रत्येकाला एकट्याला बसवतो, त्याचंच मागच्या महिन्याचं पान आणि ह्या महिन्याचं पान शेजारी ठेवतो आणि एकच गोष्ट निवडतो, एकच, की बाबा समोर तीन उरले की तू घाई करतोस, ह्या महिन्यात एवढंच.

पुढच्या रविवारी मॅच असेल तर हे सगळं पहिल्याच दिवशी करायला जाऊ नका. फक्त चार कॉलम भरा: कोण गेला, समोर किती होते, निकाल काय, पकड कोणाची किंवा फसली कोणाची. दोन मॅचनंतर बाजूचा कॉलम घाला, मग स्कोअरचा, मग डू ऑर डायचा. आणि प्रत्येक पानाचा मॅच संपल्या संपल्या ग्राउंडवरच मोबाईलने फोटो काढून ग्रुपवर टाका. आमची एक वही रात्री परत येताना ट्रॉलीतून पडून गेली, त्यात अकरा मॅच होत्या.